युवा बेसबॉल : बॅटविषयक सुरक्षानियम

मुलांच्या व किशोरांच्या बेसबॉलमध्ये कोणती बॅट चालते, तिची लांबी, जाडी आणि वजन किती असावे, तिच्यावरून चेंडू किती जोरात उसळलेला चालतो आणि ती कधी खेळातून काढायची, हे ठरविणारे नियम. बेसबॉलची बॅट गोल असते. चेंडू जिथे लागतो तो जाड भाग म्हणजे बॅरल, आणि मुठीच्या शेवटी हात निसटू नये म्हणून ठेवलेली गाठ म्हणजे नॉब. वरवर पाहता हे नियम म्हणजे इंच-औंसांची जंत्री वाटते. पण जवळपास प्रत्येक आकड्यामागे एकच प्रश्न आहे : बॅटवरून सुटलेला चेंडू अंगावर येताना समोरच्या मुलाला किती वेळ मिळतो?

सर्वांत जवळ असतो तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू. अमेरिकेतील लिटल लीग (स्थापना 1939, विल्यम्सपोर्ट, पेनसिल्व्हेनिया) या संस्थेच्या 12 वर्षांपर्यंतच्या गटात पिचरची पट्टी बॅट करणारा जिथे उभा राहतो त्या होम प्लेटपासून 46 फुटांवर, म्हणजे 14 मीटरवर असते. मोठ्यांच्या खेळात हेच अंतर 60 फूट 6 इंच आहे. ताशी 96 किलोमीटर वेगाने परतलेला चेंडू 46 फूट अर्ध्या सेकंदात कापतो. वेग 130 झाला की वेळ 0.4 सेकंदावर येतो. शिवाय चेंडू टाकून झाल्यावर पिचरचे पाऊल पुढे पडलेले असते, शरीर झुकलेले असते आणि हातमोजा अजून चेहऱ्यासमोर आलेला नसतो. म्हणजे नकाशावरचे 46 फूट प्रत्यक्षात त्याहून कमीच. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने सेकंदाचा तो दहावा हिस्सा फार मोठा आहे, आणि बॅटचे नियम त्याच्याचसाठी आहेत.

लाकडी बॅटच्या काळात हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता. लाकूड भरीव असते. चेंडू त्यावर आदळला की क्षणभर चपटा होतो आणि त्याची बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते. धातूची बॅट आतून पोकळ असते. तिची पातळ भिंत आघाताने किंचित आत दबते आणि उसळून परत येते. त्यामुळे चेंडू कमी चपटा होतो, ऊर्जा कमी वाया जाते. याला ‘ट्रॅम्पोलीन परिणाम’ म्हणतात. पोकळ बॅट हलकी असल्याने लहान मूलही ती वेगाने फिरवू शकते, ही त्यात भर. लिटल लीगने 1971 मध्ये ॲल्युमिनियमच्या बॅटला मान्यता दिली ती मुख्यतः टिकाऊपणासाठी, कारण लाकडी बॅट मोडत आणि दर हंगामात नव्या घ्याव्या लागत. पुढे मिश्रधातू सुधारले, भिंती पातळ झाल्या आणि टिकाऊपणासाठी आणलेली वस्तू जोरासाठी विकली जाऊ लागली.

दुष्परिणामांचा हिशेब मांडणे मात्र अवघड ठरले. अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने 1991 ते 2001 या काळात टोलवलेला चेंडू लागून झालेले 17 मृत्यू नोंदवले : 8 प्रसंगी बॅट लाकडाव्यतिरिक्त होती, 2 प्रसंगी लाकडी, आणि 7 प्रसंगी ती कोणती होती हे कळलेच नाही. एवढ्या माहितीवरून धातूला दोषी ठरवता येत नाही, असे म्हणत आयोगाने 2002 मध्ये बंधने घालण्याची मागणी फेटाळली. पण वाद थांबला नाही. 2006 मध्ये न्यू जर्सीत 12 वर्षांच्या एका पिचरच्या छातीवर धातूच्या बॅटवरून आलेला चेंडू बसला. त्याचे हृदय बंद पडले आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्या खटल्यात 2012 मध्ये 1 कोटी 45 लाख डॉलरवर तडजोड झाली. 2007 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या नगरपरिषदेने महापौरांचा नकाराधिकार डावलून माध्यमिक शाळांच्या सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी घातली. मृत्यू थोडे आहेत म्हणून प्रश्न लहान ठरतो, हे पटण्यासारखे नाही. बॅट किती उसळी देते ते मोजता येते, आणि जे मोजता येते त्यावर मर्यादाही घालता येते.

नंतरच्या नियमांनी हाच मार्ग धरला. महाविद्यालयीन खेळात 2011 पासून आणि अमेरिकी माध्यमिक शाळांत 1 जानेवारी 2012 पासून ‘बीबीकॉर’ हे मानक लागू झाले. बॅट व चेंडू यांची टक्कर किती उसळीची होते याचे हे गुणोत्तर असून त्याची कमाल मर्यादा 0.50 आहे, म्हणजे चांगल्या लाकडाच्या आसपास. धाकट्या मुलांसाठी यूएसए बेसबॉल या राष्ट्रीय संस्थेचे ‘यूएसए बॅट’ मानक 1 जानेवारी 2018 पासून अमलात आले. लिटल लीग, पोनी, बेब रूथ अशा संघटनांनी ते स्वीकारले. चाचणीत तोफेसारख्या हवेच्या नळीतून चेंडू डागून तो कीलकावर, म्हणजे फिरत्या खुंटीवर, बसवलेल्या स्थिर बॅटवर आदळवतात आणि आघाताआधीचा व नंतरचा वेग मोजतात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाची क्रीडाविज्ञान प्रयोगशाळा हे काम करते. पास झालेल्या बॅटवर शिक्का येतो. तो शिक्का कायमचा नसतो : 2018 च्या हंगामाच्या मध्यावर 30 इंची, 20 औंसांच्या एका लोकप्रिय मॉडेलची मान्यता काढून घेण्यात आली आणि ती महागडी बॅट नुकतीच घेतलेल्या मुलांना ती रातोरात बाजूला ठेवावी लागली.

आणखी एक पेच कंपोझिट बॅटचा आहे. कार्बनतंतू आणि राळ यांच्या थरांची ही बॅट वापराने सैल होते आणि नवी असतानापेक्षा जास्त उसळी देऊ लागते. त्यामुळे डिसेंबर 2010 मध्ये लिटल लीगने 12 वर्षांपर्यंतच्या गटांत कंपोझिट बॅरल थांबवले. तपासून योग्य ठरलेल्या मॉडेलांनाच सूट होती. बीबीकॉर चाचणीत अशी बॅट मुद्दाम रुळांमध्ये (रोलरमध्ये) दाबून, सैल करून पुन्हा तपासली जाते, कारण काही लोक घरी नेमके हेच करतात. रुळांत दाबणे किंवा बॅरल आतून खरवडून पातळ करणे ही सरळ फसवणूक आहे, आणि तिची किंमत फसवणारा मोजत नाही. ती समोर उभ्या असलेल्या मुलाला मोजावी लागते.

लिटल लीगमध्ये 12 वर्षांपर्यंतच्या गटात बॅटची लांबी जास्तीत जास्त 33 इंच आणि बॅरलचा व्यास 2⅝ इंच असतो. 2018 पूर्वी व्यासाची मर्यादा 2¼ इंच होती. अखंड लाकडी बॅटला यूएसए बॅटचा शिक्का लागत नाही. ‘ड्रॉप’ म्हणजे इंचातील लांबी आणि औंसांतील वजन यांतला फरक : 30 इंच लांब व 20 औंस जड बॅटचा ड्रॉप उणे 10. बीबीकॉर बॅटला उणे 3 पेक्षा जास्त ड्रॉप चालत नाही, यूएसए बॅट मानकात मात्र ड्रॉपवर मर्यादा नाही. टी-बॉल, म्हणजे खांबावर ठेवलेला मऊ चेंडू टोलवण्याचा लहानग्यांचा खेळ, यासाठी बनवलेल्या छोट्या बॅट फक्त त्या मऊ चेंडूसाठीच असतात. यूएसएसएसए या संघटनेच्या स्पर्धांत वेगळा, जास्त उसळीला परवानगी देणारा शिक्का चालतो. त्यामुळे दोन्हीकडे खेळणाऱ्या मुलाच्या पिशवीत बहुधा दोन बॅट असतात, आणि चुकीची बॅट मैदानावर येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

शिक्का कारखान्यातून निघालेल्या बॅटची ग्वाही देतो. सामन्याच्या दिवशीची अवस्था हातानेच तपासावी लागते. पंच बॅट आडवी धरून मुठीपासून टोकापर्यंत फिरवतो. ठरावीक व्यासाची कडी बॅरलवरून सरकवतो. धातूला पोचा पडून बाजूचा भाग फुगला असेल तर कडी अडते आणि अडली की ती बॅट त्या दिवशी बाद. अंगठा टोकाच्या टोपणावर दाबून ते हलते का ते पाहतो. कानाशी धरून हलवल्यावर आत काही खडखडले तर टोपणाचा किंवा भिंतीचा तुकडा सुटलेला असतो. कंपोझिटवर केसासारखी बारीक रेघ शोधावी लागते : नखाने घासले की रंगाचा ओरखडा आणि तडा यांतला फरक कळतो. थंडीत असा तडा लवकर जातो, म्हणून साधारण 15 अंश सेल्सियसखाली कंपोझिट वापरू नये असे बरेच उत्पादक सांगतात. मुठीवरची पट्टी सुटलेली नसावी. धातूच्या बॅटला नॉबकडून किमान 10 इंच पकड हवी, कारण घामट हातातून निसटलेली बॅट चेंडूपेक्षा कमी धोकादायक नसते.

नियमबाह्य बॅट घेऊन खेळल्याचे पुढचा बॅटर उभा राहण्याआधी लक्षात आले, तर बॅटर बाद होतो आणि धावलेले खेळाडू मागे जातात. झालेला खेळ आपल्या फायद्याचा असेल तर क्षेत्ररक्षण करणारा संघ तो तसाच मान्यही करू शकतो. लिटल लीगमध्ये पहिल्या चुकीला संघाचा एक प्रौढ बेस-प्रशिक्षक (मैदानातून धावणाऱ्यांना सूचना देणारा) उरलेल्या सामन्यासाठी कमी होतो, दुसऱ्या चुकीला व्यवस्थापकच बाहेर. दंड मोठ्यांवर आहे हे योग्यच, कारण बॅट तपासून मुलाच्या हाती देणे हे त्यांचे काम.

जपानमध्ये शालेय बेसबॉल जवळजवळ राष्ट्रीय सण आहे. तिथे 2019 च्या उन्हाळी कोशिएन या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत एका पिचरच्या गालाचे हाड टोलवलेल्या चेंडूने मोडले. 2024 च्या वसंत ऋतूतील कोशिएन स्पर्धेपासून धातूच्या बॅटचा कमाल व्यास 67 वरून 64 मिलिमीटर झाला आणि भिंत सुमारे 3 वरून 4 मिलिमीटर जाड झाली. त्या स्पर्धेत अवघे 3 होमरन (एकाच फटक्यावर पूर्ण फेरी) झाले. आदल्या वर्षी 12 झाले होते.

अगदी लहान मुलांना मात्र चेंडूइतकीच भीती फिरत्या बॅटची असते. कोणी सराव म्हणून बॅट फिरवते आणि मागून दुसरे मूल धावत येते. त्यामुळे लिटल लीगच्या 12 वर्षांपर्यंतच्या गटांत पुढच्या बॅटरने मैदानात उभे राहून हात मोकळे करण्याची ‘ऑन-डेक’ जागाच नाही. प्रत्येक अर्ध्या डावातला पहिला बॅटर तेवढा डगआउटबाहेर, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागेबाहेर, थांबू शकतो; बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत आत थांबायचे आणि बॅट हातात घ्यायची नाही.