१९४८ च्या आधीही कॉलेज हॉकी होतीच

‘अमेरिकेतली कॉलेज आइस हॉकी १९४८ मध्ये सुरू झाली’ हे वाक्य इतक्या वेळा कॉपी-पेस्ट झालंय की खरंच वाटू लागतं. त्या वर्षी सुरू झाली ती एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, राष्ट्रीय स्पर्धा. खेळ त्याहून पन्नासेक वर्षांनी जुना. येल आणि जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठांमधला सामना १८९६ मध्ये बाल्टिमोरला झाला, २-२ असा बरोबरीत सुटला. डार्टमथचा संघ तर १९४२ ते १९४६ या काळात सलग ४६ सामने हरला नव्हता. एनसीएएची ट्रॉफीच नव्हती, मग जिंकणार काय!

आणि १९४८ ची ती स्पर्धा तरी केवढी? आजच्यासारखे सोळा संघ नव्हे, फक्त चार: पूर्वेकडचे दोन, पश्चिमेकडचे दोन. कोलोराडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमूर हॉटेलच्या बर्फाच्या मैदानावर सगळं उरकलं. मिशिगनला उपांत्य फेरीतच घाम फुटला. बोस्टन कॉलेजला हरवायला जादा वेळ लागला, ६-४. अंतिम सामन्यात मात्र त्यांनी डार्टमथला ८-४ असं लोळवलं. पुढची नऊ वर्षंही स्पर्धा त्याच हॉटेलात भरत राहिली.