बहुपानी प्रूफ

बहुपानी प्रूफ : फोटोशॉप किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये लेअर (एकमेकांवर ठेवलेले, सुटे बदलता येणारे थर) रचून केलेल्या डिझाइनमधून ग्राहकाला तपासण्यासाठी काढलेली अनेक पानांची पीडीएफ. मूळ फाइल, म्हणजे धंद्याच्या बोलीत ‘ओपन फाइल’, डिझाइनरकडेच राहते. ग्राहकाला मिळते ती वाचता येणारी, खुणा करता येणारी, पण लेअर सुटे करता येणार नाहीत अशी प्रत. लग्नपत्रिका, स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, वेष्टने आणि दुकानांच्या पाट्या अशा कामांत ती सर्रास वापरतात.

बडोद्यात या पद्धतीला विशेष महत्त्व आले ते तिथल्या लिप्यांमुळे. गायकवाडांच्या काळापासून शहरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना पत्रिका मराठीत हवी असते. शेजारी, सहकारी आणि व्याही गुजराती असले की तीच पत्रिका गुजरातीतही लागते, आणि परदेशातल्या नातेवाइकांसाठी कधी इंग्रजीतही. वेलबुट्टी तीच, गणपती तोच, मॅटर मात्र तीन लिप्यांत. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या गणेशोत्सव मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकांनाही हेच लागू पडते. लेअरच्या फाइलमध्ये हे काम सोयीचे होते, कारण पार्श्वभूमी एकदाच करायची आणि मजकुराचे लेअर बदलायचे. पण अशी फाइल पडद्यावर एका वेळी एकच रूप दाखवते. ग्राहकाला तिन्ही रूपे शेजारी ठेवून पाहायची असतात, म्हणून प्रत्येक रूपाचे एक पान करावे लागते.

रंग वेगवेगळ्या थरांत ठेवून प्रूफ काढण्याची रीत संगणकाच्या फार आधीची. बडोद्याच्या दरबारासाठी पौराणिक चित्रे काढणाऱ्या राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून छपाई करण्याचा, छापखाना सुरू केला. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि एकेक रंग चढवत प्रूफ काढून पाहत. फोटोशॉपमध्ये लेअर आले ते 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत. पीडीएफ त्याआधी वर्षभर, 1993 मध्ये आली होती आणि 2008 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या दोहोंना जोडणारी खरी सोय म्हणजे ‘लेअर कॉम्प’. ती 2003 च्या फोटोशॉप सीएसबरोबर आली.

लेअर कॉम्प म्हणजे फाइलच्या एका अवस्थेची नोंद. कोणता लेअर दिसतो आहे, तो कुठे आहे आणि त्याला सावली, कडा वगैरे कोणता परिणाम दिला आहे, एवढे तीत साठवले जाते. मराठी मजकुराचा गट चालू ठेवून एक कॉम्प करायचा, तो बंद करून गुजराती चालू केला की दुसरा. मग ‘एक्स्पोर्ट’मधून सगळे कॉम्प एका पीडीएफमध्ये काढले की प्रत्येक कॉम्पचे एक पान होते. यात एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी : अक्षरांमधला बदल कॉम्प नोंदवत नाही. एकाच मजकूर-लेअरमध्ये मुहूर्ताची वेळ बदलून नवा कॉम्प केला, तर जुन्या कॉम्पमध्येही नवीच वेळ दिसते. म्हणून प्रत्येक पर्यायी मजकुराला स्वतंत्र लेअर द्यावा आणि त्याला नीट नाव द्यावे. ‘लेअर 14 कॉपी 2’ अशा नावांच्या फाइलमधून बिनचूक प्रूफ निघणे अवघड असते.

सगळ्या कॉम्पचा कॅनव्हास, म्हणजे चित्राचा पट, एकाच मापाचा असतो. पत्रिका आणि पाकीट यांची मापे वेगळी असल्याने तिथे 2015 पासून फोटोशॉपमध्ये आलेले आर्टबोर्ड, म्हणजे एकाच फाइलमधले वेगवेगळ्या मापांचे पट, सोयीचे पडतात. इनडिझाइन या पानांची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल अनेक पानांवर ठेवून प्रत्येक पानावर वेगळा कॉम्प निवडता येतो. मूळ फाइल दुरुस्त करून दुवा ताजा केला की सगळी पाने सुधारतात, म्हणून मोठ्या स्मरणिकेसाठी हीच वाट उत्तम. कोरलड्रॉ या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाने मुळातच असतात. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरच्या 2.10 आवृत्तीत पीडीएफ काढताना प्रत्येक लेअरचे पान करता येते.

देवनागरीच्या प्रुफात सर्वाधिक घोटाळे अक्षरांचे होतात. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्या सांभाळणारी मजकूर-रचना निवडलेली नसेल, तर पत्रिकेच्या पहिल्याच ओळीतल्या ‘चि.’ची वेलांटी ‘च’च्या पुढे जाऊन बसते आणि ‘सौभाग्य’मधला ‘ग’ पाय मोडून सुटा उभा राहतो. गुजराती लेअरचेही तेच होते. मॅटर शिवाजी किंवा कृती देव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर फॉन्ट पीडीएफमध्ये समाविष्ट झाल्यावर पान बरोबर दिसते. मात्र मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा मिळतो आणि शोधही चालत नाही. अक्षरांचे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांचे नुसत्या रेखाकृतींत रूपांतर करून पाठवले तर फॉन्टची चिंता मिटते, पण शब्द निवडून त्यावर दुरुस्ती सुचवण्याची सोय जाते. शुद्धलेखन तपासायच्या टप्प्यावर अक्षरे जिवंत ठेवणेच योग्य; कर्व्ह छपाईच्या वेळी करावेत. एक्स्पोर्टच्या काही वाटांनी पान सपाट चित्र होऊन निघते. ते ओळखण्याची खूण सोपी आहे : पान खूप मोठे करून पाहावे आणि एखादा शब्द कर्सरने निवडून पाहावा.

दुसरी दक्षता गोपनीयतेची. फोटोशॉपमधून पीडीएफ जतन करताना संपादनक्षमता राखण्याचा पर्याय चालू राहिला, तर फाइल फुगतेच आणि वर ती फोटोशॉपमध्ये उघडणाऱ्याला सगळे लेअर मिळतात. म्हणजे न मागता ओपन फाइलच दिल्यासारखे झाले. पीडीएफच्या 1.5 आवृत्तीपासून पीडीएफमध्येही लेअर राहू शकतात. इलस्ट्रेटर या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमधून तसे काढल्यास बंद केलेला लेअर पुसलेला नसतो, ग्राहक तो चालू करू शकतो. दुसऱ्या ग्राहकाचे नाव किंवा जुना दर अशा लेअरमध्ये पडून असेल तर त्याचे परिणाम डिझाइनरला भोगावे लागतात. प्रुफासाठी हे दोन्ही पर्याय बंद असावेत.

प्रुफाला छपाईचे रिझोल्यूशन लागत नाही. 7 गुणिले 5 इंचांची पत्रिका 300 पीपीआयला (दर इंचाला 300 पिक्सेल) 2100 गुणिले 1500 पिक्सेलची होते. 150 पीपीआयला तिचे पिक्सेल चौथाई होतात आणि वाचायला ते पुरतात. व्हॉट्सअॅपवर पाने फोटो म्हणून न पाठवता पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर आकुंचनात काने-मात्रे पुसट होतात. रंगाचा निर्णय मोबाइलवर करू नये. पडद्यावरचा झळझळीत भगवा किंवा हिरवा चार शाईंच्या छपाईत तसा उतरत नाही, त्यासाठी कागदावरचे प्रूफच पाहावे लागते.

पाने कशी पाडायची हा तांत्रिक वाटणारा प्रश्न खरे तर संवादाचा आहे. एका पानाने ग्राहकाला एकच गोष्ट विचारावी. मराठी मजकूर बरोबर आहे का, हे एका पानावर. सोनेरी किनार की मरून, हे पुढच्या दोन पानांवर. किनार, फॉन्ट आणि मजकूर तिन्ही एकाच पानावर बदलले की ‘छान आहे’ असे उत्तर येते आणि नेमके काय छान, ते कळत नाही. घरातली आजी फक्त नावांचा क्रम पाहते, मामा ठिकाणाचा पत्ता, वधू रंग. पाने सुटी असली की ज्याने त्याने आपले पान तपासावे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ‘प्रूफ 2, पान 3’ अशी नोंद हवी. ‘त्या पानावरचे तिथीचे नाव बदला’ असा निरोप आला की कोणत्या फेरीतले कोणते पान, हे त्यावरून ठरते. ‘ओके’ फोनवर न घेता लेखी, फेरीच्या क्रमांकासह घ्यावे.

मंजुरी मिळालेली पीडीएफ छापायला देत नाहीत. छपाईची फाइल ओपन फाइलमधून नव्याने काढतात : पूर्ण रिझोल्यूशन, सीएमवायके (चार शाईंची रंगपद्धत), सहसा 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड), आणि प्रेसने मागितल्यास पीडीएफ-एक्स या छपाईसाठीच्या पीडीएफ मानकानुसार. ती मंजूर प्रुफाशी पानागणिक ताडून पाहिल्यावरच छपाईची प्लेट काढायला जाते.