जवानांच्या मुलांचं कॉलेज: मदतीच्या योजना आल्या कुठून?

देवळाली आणि नाशिकरोड कॅम्पमुळे नाशिकला तोफखाना परका नाही. दर वर्षी बारावीचा निकाल लागला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, घेऊन येतात. या गर्दीचं कारण सैन्याच्या नोकरीतच आहे. जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर घरी येतो, तेव्हा मुलं अजून शाळेतच असतात. नोकरीत असताना मिळणारा मुलांचा शिक्षण भत्ता मुख्यतः बारावीपर्यंतचा. कॉलेजची फी भरायची वेळ येते, तेव्हा हातात शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन असते.

हे कार्यालय ज्या यंत्रणेचा भाग आहे, तिची सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर झाली. सप्टेंबर १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं आणि १९७५ मध्ये त्याचं नाव केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. दुसऱ्या महायुद्धात लढणाऱ्या प्रत्येक जवानामागे दरमहा २ रुपये बाजूला काढून युद्धोत्तर निधी उभारला गेला. स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून सैनिकांसाठी देणगी गोळा करणारा ७ डिसेंबरचा ध्वजदिन सुरू झाला. शाळेत छातीवर टाचणीने लावलेला तो कागदी झेंडा अनेकांना आठवत असेल. त्या पैशातून शिक्षणालाही हातभार लागतो, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही.

कॉलेजच्या फीचा प्रश्न केंद्राने थेट हाती घेतला तो १९७१ च्या युद्धानंतर. शहीद, बेपत्ता किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांची फी आणि वसतिगृहाचा खर्च पहिल्या पदवीपर्यंत सरकारने उचलला. २०१७ मध्ये सातव्या वेतन आयोगाच्या निमित्ताने त्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा आली. नौदलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं, बाहेरही बरीच ओरड झाली आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा उठली. ती घातलीच कशाला, हा प्रश्न उरतोच.

धडधाकट परतलेल्या साध्या जवानाचा नंबर त्याच्या कितीतरी नंतर लागला. २००६-०७ मध्ये पंतप्रधान शिष्यवृत्ती सुरू झाली. पैसा येतो तो राष्ट्रीय संरक्षण निधीतून, म्हणजे चीन युद्धाच्या वर्षी, १९६२ मध्ये, उभारलेल्या निधीतून. २०१९ मध्ये रक्कम वाढून मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये झाली. देशभरात वर्षाला ५,५०० जागा, निम्म्या मुलींसाठी. अट बारावीला किमान ६० टक्क्यांची आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असण्याची. इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएड, बीसीए चालतं, साधं बीए किंवा बीकॉम चालत नाही. जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी जवळचं कॉलेज बहुधा बीए-बीकॉमचंच असतं, म्हणून ही अट खटकते. हवालदार आणि त्याखालच्या माजी सैनिकांसाठी रक्षामंत्री निधीतून प्रत्येक मुलामागे महिना २,००० रुपये (नोव्हेंबर २०२५ च्या आधी १,०००), दोन मुलांपर्यंत, ही वेगळी योजना आहे. ती पदवीपर्यंत चालते.

राज्याचा भाग निराळा. सीईटीच्या प्रवेशात संरक्षण दलाच्या पाल्यांना ५ टक्के जागा आहेत. त्यात तीन गट: डिफेन्स १ मध्ये माजी सैनिकांची मुलं, डिफेन्स २ मध्ये नोकरीत असलेल्या महाराष्ट्रीय जवानांची, आणि डिफेन्स ३ मध्ये बदलून इथे आलेल्यांची. फी सवलतीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा, शिष्यवृत्तीचा मात्र केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर. प्रत्येक युद्धाने, प्रत्येक दशकाने आपलं एक खातं उघडलं आणि ती कधी एकत्र आली नाहीत. सगळ्यांना लागणारा कागद एकच, डिस्चार्ज बुक. त्यात पाल्याचं नाव पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीसाठी सैन्यात निघणाऱ्या आदेशाने, चढलेलं असावं लागतं. शाळेच्या दाखल्यातल्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, की सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार सुरू.

आता नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातून अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले जवान, बाहेर पडतात. चार वर्षांनी त्यांच्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. बाकीच्यांना सेवानिधीचे एकरकमी पैसे मिळतील, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. वरच्या बहुतेक योजनांच्या अर्जात पहिलाच रकाना त्या दर्जाचा आहे.