‘असोसिएशनचं सर्टिफिकेट’ मागण्याआधी हे वाचा

“भाऊ, तुम्ही असोसिएशनचे मेंबर आहात ना? मग तेवढं प्युअरचं सर्टिफिकेट पाठवून द्या ना.”

आमच्या नागपूरच्या सुगंधी तेलांच्या दुकानात हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा तरी कानावर पडतं. घरी साबण करणाऱ्या ताई विचारतात, अगरबत्तीवाले विचारतात, हल्ली डिफ्यूझरसाठी तेल नेणारी पोरंही विचारतात. सगळ्यांची नजर गल्ल्याच्या मागच्या, व्यापारी संघटनेच्या सदस्यत्वाच्या फ्रेमवर असते. ती फ्रेम आम्हीच हौसेनं तिथे लावली, त्यामुळे थोडी चूक आमचीही. म्हणून ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे एकदाच लिहून काढलं आहे.

फ्रेमचा अर्थ एवढाच की आम्ही या धंद्यात आहोत, वर्गणी भरतो आणि संघटनेचे नियम मान्य केले आहेत. तुमच्या हातातल्या बाटलीत काय आहे, ते फ्रेमला ठाऊक नाही. संघटना आमच्या इतवारीतल्या गोदामात येऊन कॅन उघडून पाहत नाही. ते तिचं कामच नाही.

मग तिचं काम काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सुगंधी तेलातली भेसळ संघटनांपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि त्यात आपल्या भागातल्या एका गवताचाही हात आहे. रोशा गवत, म्हणजे आपली तिखाडी, वऱ्हाड, खानदेश, निमाडच्या रानात आपोआप उगवायची. तिचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जायचं आणि तिकडे बल्गेरियाच्या महागड्या गुलाबतेलात गुपचूप मिसळलं जायचं. दोन्ही तेलांत जिरॅनिऑल नावाचा गुलाबासारख्या वासाचा घटक असतो, त्यामुळे नुसत्या नाकाला फरक कळणं कठीण. व्यापारी तिखाडीच्या तेलाला ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत. ते तेल ना तुर्की होतं, ना जिरेनियम.

अशा बाजारात सचोटीनं माल विकणाऱ्यांनाही एकत्र यावंसं वाटलं, यात नवल नाही. आपल्या देशात १९४९ साली परफ्यूम्स अँड फ्लेवर्स असोसिएशन सुरू झाली. तीच आज फ्रॅग्रन्सेस अँड फ्लेवर्स असोसिएशन ऑफ इंडिया, बोलीत फाफाई. १९५६ साली खास तेलवाल्यांची एसेन्शियल ऑइल असोसिएशन ऑफ इंडिया आली. गवत पिकवणारे, भट्टी लावणारे, दलाल, निर्यातदार असे सगळे तिच्यात आले. जागतिक पातळीवर १९७३ साली सुगंधांच्या सुरक्षित वापराचे नियम ठरवणारी इफ्रा आणि १९७७ साली तेलांच्या व्यापाऱ्यांचा महासंघ इफीट उभा राहिला.

या संघटना परिषदा भरवतात, पिकाचे अंदाज मांडतात, कर आणि निर्यातीच्या अडचणी सरकारपुढे नेतात, नव्या लोकांना शिकवतात. बाहेरून हे कोरडं वाटतं, पण तुमच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. पुदिन्याचंच घ्या. जपानी पुदिना आपल्याकडे १९५०च्या दशकात आला आणि आज पुदिना तेलात भारत जगात पहिला आहे. उत्तर प्रदेशात पेरा किती, पाऊस कधी, यावर त्या तेलाचा भाव हलतो. वायदे बाजारातही त्याचे सौदे होतात. “मागच्या महिन्यात तर कमी होता ना!” याचं उत्तर बहुतेक वेळा आमच्या मनात नसतं, बाराबंकीच्या शेतात असतं.

आता इफ्राच्या कागदाबद्दल. “इफ्राचं सर्टिफिकेट द्या” असं ऑनलाइन विकणारे सगळेच मागतात. इफ्रा स्वतः कुणालाही सर्टिफिकेट देत नाही. ती फक्त नियम ठरवते. कागद पुरवठादार लिहितो, आणि त्यात हा माल कोणत्या प्रकारच्या वस्तूत जास्तीत जास्त किती टक्के घालता येईल, ते असतं. वस्तूंचे हे प्रकार इफ्राने क्रमांकाच्या वर्गांत वाटले आहेत: साबण नवव्या वर्गात येतो, मेणबत्ती आणि अगरबत्ती बाराव्यात. एका ताईंनी बाराव्या वर्गाचा आकडा पाहून अंघोळीच्या साबणात तेवढा सुगंध घातला आणि हात चुरचुरतात म्हणून फोन केला. कागद बरोबर होता, कागदातली ओळ चुकली. त्या कागदात शुद्धतेबद्दल अक्षरही नसतं, हेही लक्षात ठेवा.

‘थेरप्युटिक ग्रेड’ हा शब्द मागणाऱ्यांना एकच सांगणं. आयएसओच्या किंवा भारतीय मानक ब्युरोच्या मानकांत असा कोणताही ग्रेड नाही. ते लेबल छापायला छापखान्यापलीकडे कुणाची परवानगी लागत नाही.

तुम्हाला खरोखर हवा असतो तो त्या बॅचचा सीओए, म्हणजे तपासणीचा कागद, आणि त्यासोबत जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीचा रिपोर्ट. जीसीमध्ये तेलातला एकेक घटक वेगळा होऊन त्याची टक्केवारी दिसते. संत्रा तेलात लिमोनीन हा त्याचा मुख्य घटक नव्वद टक्क्यांच्या वर हवा. तेलात डीईपी (डायएथिल थॅलेट, जवळजवळ वास नसलेलं स्वस्त द्रावण) ओतून वजन वाढवलं असेल, तर तेही या तपासणीत लपत नाही. कागदावर थेंब टाकून डाग उरतो का पाहण्याची घरगुती युक्ती गोडेतेलाची भेसळ पकडते, डीईपीची नाही. उलट वाळ्याचं अस्सल तेलही कागदावर बराच वेळ डाग धरून ठेवतं, त्यामुळे त्याच्यावर उगाच आळ येतो.

हा कागद आम्ही प्रत्येक बॅचचा ठेवतो आणि फुकट देतो. घोडं अडतं ते इथेच. तेल घरी नेऊन दुसऱ्या बाटलीत ओतता, आमचा कॅन भंगारात जातो आणि त्याच्यासोबत बॅच नंबरही जातो. तीन महिन्यांनी फोन येतो: “ते मागच्या वेळचं सिट्रोनेला, त्याचा कागद पाठवा.” मागच्या वेळचं म्हणजे कोणतं? एका मोसमात एका तेलाच्या चार बॅच येतात. तुमचं बिल शोधा, तारीख शोधा, त्या दिवशी कोणता ड्रम फोडला होता ते वहीत पाहा, यात आमच्या माणसाचा अर्धा दिवस जातो. अंदाजानं भलत्याच बॅचचा कागद पाठवणं आम्हाला जमत नाही. बाजारात तेही चालतं. आमच्याकडे चालत नाही, म्हणून उशीर होतो.

गेल्या मे महिन्यात एक दादा संत्रा तेलाची तक्रार घेऊन आले. तेल होतं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. बाटलीच्या कडा आत ओढल्या गेल्या होत्या, झाकणाच्या आतली चकती मऊ पडून चिकटली होती, आणि वासाला टर्पेंटाइनची झाक आली होती. टिनाच्या पत्र्याखाली, नागपूरच्या उन्हात, महिनाभर. लिमोनीन थर्माकोल विरघळवतं, मग पातळ बाटलीला काय सोडणार? लेबल नव्हतंच. त्यांना वाटलं आम्ही भेसळ केली. आम्ही कपाटात राखून ठेवलेली त्या तेलाची आमची नमुना बाटली उघडून दाखवली, तेव्हा कुठे ते बसले आणि पाणी प्यायले. सीलबंद नसलेला माल आम्ही परत घेत नाही, त्याचं कारण हे. नियम कडक वाटतो, पण तुमच्या घरी त्या तेलाचं काय झालं, ते आम्हाला दिसत नाही.

त्यामुळे एवढंच करा: कॅन हातात पडला की ओतण्याआधी लेबलचा फोटो काढा आणि आम्हाला व्हॉट्सॲपवर टाका. ओतायचंच असेल तर रंगीत काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, सावलीत ठेवा. डिसेंबरात चक्रीफुलाचं तेल गोठलं तर “मेण मिसळलं” म्हणून धावत येऊ नका. ते पंधरा-सोळा अंशांना गोठतंच, कोमट पाण्यात बाटली धरली की मोकळं होतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न: “हे आपल्या नागपुरी संत्र्याचं आहे ना?” नाही. आणि तसं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्याकडून कागद जरूर मागा. बाजारातलं बहुतेक संत्रा तेल ब्राझीलसारख्या ठिकाणच्या रस कारखान्यांचं जोडउत्पादन असतं. तिथे लाखो फळांच्या साली एका छपराखाली पडतात. आपली संत्री आपण हातानं सोलून खातो, साल घराघरातल्या कचऱ्यात जाते, मग तेल काढायला ती एकत्र कुठून आणणार? शिवाय ते फळ जातीनं आपल्या संत्र्यापेक्षा मोसंबीच्या जवळचं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण अभिमान लेबलवर चिकटवून परदेशी तेल विकणं बरं नव्हे.

एक सोपी खूण आणखी. बिलावरचा एचएसएन, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कोड पाहा. निव्वळ सुगंधी तेल ३३०१ मध्ये येतं, मिसळून केलेलं कंपाउंड ३३०२ मध्ये. लॅव्हेंडरच्या नावाखाली स्वस्तात मिळालेल्या बाटलीच्या बिलावर ३३०२ असेल, तर फसवणूक झालीच असं नाही, पण तुम्ही तेल नव्हे तर कंपाउंड घेतलं आहे. मेणबत्तीला ते छान चालतं, आम्हीही विकतो आणि निम्म्या भावात. फक्त नाव स्पष्ट लिहितो. सरबतासाठी मात्र दोन्हींपैकी काहीच उचलू नका. खाण्याच्या मालाचे परवाने आणि कागद वेगळे असतात, तो रॅकही वेगळा आहे.

आमचा भाव समोरच्या गल्लीपेक्षा थोडा जास्त पडतो, हे आम्हाला माहीत आहे. प्रत्येक बॅचची तपासणी आणि पंधरा मिलीची एकेक बाटली दोन वर्षं सांभाळणं, याचे पैसे त्यात आहेत. शंका आली तर त्याच बॅचचा नमुना तुमच्यासमोर सील करून तुम्ही सांगाल त्या लॅबला पाठवू. रिपोर्ट आमच्या कागदाशी जुळला तर फी तुमची, नाही जुळला तर फी आणि माल दोन्ही आमच्या माथी. नमुन्यांचं कपाट गल्ल्याच्या डाव्या हाताला आहे. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. येताना लेबलचा फोटो तेवढा आणा.