दोन साप, एक पेटी

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडहून भाच्याने एक फोटो पाठवला. काचेचं दार असलेली लाकडी पेटी, तळाशी लाकडाचा भुसा आणि झाडाच्या सालीचे दोन आडोसे. एक आडोसा रिकामा होता. दुसऱ्याखाली कॉर्न स्नेक या अमेरिकेतल्या बिनविषारी, पाळल्या जाणाऱ्या सापाची दोन पिल्लं एकमेकांत गुंतून बसली होती. एक केशरी, एक राखाडी, आणि कुणाची शेपटी कुठे संपते ते कळू नये अशी गुंतलेली. खाली त्याने लिहिलं होतं, ‘मावशी, बघ यांची कशी गट्टी जमलीय!’

केशर आणि चिंगी ही त्यांची नावं. ‘भावंडंच आहेत, एकत्र राहतील,’ असं विकणाऱ्याने सांगितलं म्हणून त्याने पेटी एकच घेतली. मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे फोटोचं कौतुक करायच्या आधीच तीन प्रश्न लिहून पाठवले. पेटीचं उबदार टोक कुठलं? दोघींचं वजन किती? आणि गेल्या आठवड्यात पेटीत विष्ठा कुणाची होती?

दोघी बसल्या होत्या तो आडोसा उबदार टोकाचाच निघाला. केशरचं वजन चिंगीच्या जवळजवळ दीडपट भरलं. तिसऱ्या प्रश्नावर त्याचं उत्तर आलं, ‘ते कसं कळणार?’

पहिल्या उत्तरापासून सुरुवात करू. सापाच्या शरीराला स्वतःची उष्णता पुरत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं थंड ठेवतात. कॉर्न स्नेकसाठी उबदार टोक साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. गरज पडेल तसा साप या टोकावरून त्या टोकाला जातो. खाल्ल्यावर त्याला ऊब सगळ्यात जास्त लागते, कारण सापासाठी पचन हे फार मोठं काम आहे. बर्मी अजगराने मोठं भक्ष्य गिळलं की दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. हे २००५ मध्ये मोजून दाखवलं गेलं. पोटातला उंदीर पचवायला शरीर इतकी तयारी करतं, आणि ही सगळी तयारी उबेवर चालते. ऊब मिळाली नाही तर उंदीर पोटातच सडू लागतो आणि साप तो ओकून टाकतो.

आता पेटीत उबदार, अंधारी आणि अंगाला चिकटून बसता येईल अशी जागा एकच असेल, तर दोन्ही साप तिथेच जाणार. भर पावसात एसटीच्या थांब्याच्या पत्र्याखाली माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, तसं. ती एकमेकांची कुणी नसतात, पत्रा तेवढा एकच असतो. केशर मोठी, म्हणून ती मध्ये बसणार. चिंगी कडेला, नाहीतर वर. फोटोत नीट पाहिलं तर राखाडी वेटोळं अर्धं आडोशाच्या बाहेर आलेलं दिसत होतं.

कुत्र्याला एखादी गोष्ट नको असेल तर तो गुरगुरतो, मांजर फिस्कारते. सापाला भुवया नाहीत, पापण्या नाहीत, ओठ मुडपायला स्नायू नाहीत. त्याचा त्रास दिसतो तो खाणं सोडण्यात, काचेला नाक घासत रात्रभर फिरण्यात किंवा दिवसचे दिवस लपून राहण्यात. त्यातलं लपून राहणं तर पाळणाऱ्याला ‘शांत आहे’ असंच वाटतं. भांडण दिसत नाही म्हणून सगळं ठीक आहे, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो.

खाण्याच्या वेळी मात्र गोष्ट फार पटकन हाताबाहेर जाते. सापाच्या तोंडाची रचना इथे थोडी समजून घ्यायला हवी. त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. खालच्या जबड्याचे दोन्ही भाग हनुवटीपाशी आपल्यासारखे हाडाने जोडलेले नसतात, लवचिक बंधाने जोडलेले असतात. टाळ्याला दातांच्या आणखी दोन ओळी असतात. गिळताना डावी बाजू पुढे सरकते, पकड घेते. मग उजवी पुढे सरकते. असं एकेक पाऊल टाकत सापाचं डोकं उंदरावरून अक्षरशः चालत जातं. ही यंत्रणा आत घेण्यासाठी बनलेली आहे. तोंडात आलेलं सोडून देणं तिला अवघड जातं.

आता एका उंदराचं डोकं केशरने धरलं आणि शेपटी चिंगीने, असं समजा. दोघी चालत चालत मधोमध येतात, नाकाला नाक लागतं. बहुतेक वेळा एक जण माघार घेते. पण नेहमीच नाही. मोठी असेल ती पुढे चालतच राहते, आणि उंदराच्या पाठोपाठ समोरचं डोकंही आत जाऊ लागतं. पाळलेल्या सापांमध्ये असे प्रकार घडलेले आहेत. अनेकदा दोन्ही साप दगावतात, गिळला गेलेला गुदमरून आणि गिळणारा न पचणाऱ्या ओझ्याने. यात वैर नसतं. भक्ष्याचा वास आला की साप वासावर चालतो, आणि शेजारणीच्या अंगाला उंदराचा वास लागलेला असेल तर ती काही क्षण उंदीरच असते.

‘मी दोघींना खायला वेगवेगळ्या डब्यांत काढतो,’ असं भाच्याने कळवलं. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. खाऊन आलेल्या सापाच्या तोंडाला वास राहतो. शिवाय पोटात उंदीर असताना उचलून इकडून तिकडे केलं की साप ओकण्याचा संभव असतो.

वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवायचा तर विचारही करू नये. अमेरिकेतला किंगस्नेक हा देखणा, बिनविषारी आणि पाळणाऱ्यांचा लाडका साप. इतर साप हे त्याचं नेहमीचं खाद्य आहे, विषारी रॅटलस्नेकसुद्धा. डेव्हिड पेनिंग आणि ब्रॅड मून यांनी २०१७ मध्ये किंगस्नेक आणि उंदीरखाऊ रॅट स्नेक यांच्या विळख्याचा दाब मोजला. स्नायू दोघांचे सारखेच, पण दाब किंगस्नेकचा जास्त, बहुधा तो वेटोळी व्यवस्थित एकापुढे एक रचून आवळतो म्हणून. केशर-चिंगी याच रॅट स्नेकांच्या कुळातल्या. साप खाणारे साप आपल्याकडेही आहेत. मण्यार खाते, आणि नागराजाचं तर मुख्य अन्नच साप.

आता तिसरा प्रश्न, विष्ठेचा. हा मी मुद्दाम विचारला होता. सापाची तब्येत पाळणाऱ्याला कळते ती बहुतेक पेटीत राहिलेल्या खुणांवरून. विष्ठा पातळ आहे का, ओकलेलं काही आहे का, टाकलेली कात अखंड आहे की तुकड्यातुकड्यांत. पेटीत दोघी असल्या तर खूण दिसते, पण आजारी कोण ते कळत नाही. आणि सापांचे काही आजार असे आहेत की तेवढ्या दिरंगाईत दोघीही जातात.

क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी सापाच्या जठरात घर करतो. जठराचं अस्तर जाड होत जातं, साप खाल्लेलं ओकतो, अंगाच्या मध्यावर फुगवटा दिसतो. खात्रीचा इलाज नाही. काही साप महिनोन्‌महिने वरून धडधाकट दिसतात आणि विष्ठेतून परजीवी बाहेर टाकत राहतात. त्याची बीजं घरातल्या साध्या ब्लीचलाही दाद देत नाहीत. बोआ या अजगरासारख्या सापांमध्ये आणि अजगरांमध्ये आणखी एक आजार आहे, त्यात पेशींमध्ये प्रथिनांचे गोळे साठतात. त्यामागे अरेनाव्हायरस कुळातले विषाणू असल्याचं २०१२ मध्ये पुढे आलं. बोआच्या अंगात हा आजार दीर्घकाळ गुपचूप राहू शकतो. अजगराला झाला तर त्याचा तोल जातो, मान वाकडी होते, उलटा केला तर त्याला सरळ होता येत नाही. खवल्यांखाली दडणारे, रक्त पिणारे गोचिडीचे बारीक नातलग हा आजार पसरवतात असा संशय आहे. एका पेटीत त्यांना एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला कितीसा वेळ लागणार? म्हणूनच जाणकार पाळणारे नवा साप आणला की त्याला निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्याचं पाणी, चिमटा, सगळं वेगळं ठेवतात. केशर-चिंगी एकाच घरून आल्या असल्या तरी त्यातल्या एकीला काही झालं तर ते वेळेवर लक्षात यायला हवं ना.

नर-मादीचा प्रश्न नंतर येतो, पण येतोच. पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर दोन धामणी अर्धं अंग उभं करून एकमेकींना पीळ घालताना दिसल्या की गावात ‘जोड लागलीय’ म्हणतात, काही जण तर नाग-धामणीचं लग्न म्हणतात. ते दोन नर असतात, दोन्ही धामणच, आणि एकमेकांना जमिनीवर दाबायची कुस्ती चाललेली असते. हरलेला निघून जातो. पेटीत हरलेल्याने जायचं कुठे? नर-मादी असतील तर वयात येताच, अंगाने पुरती न भरलेली मादी गाभण राहू शकते आणि अंडी पोटात अडकून मरू शकते. नंतर वेगळं करूनही उपयोग होईलच असं नाही. सापांच्या माद्या शुक्राणू साठवून ठेवतात, काही जातींमध्ये वर्षानुवर्षं.

इथपर्यंत मी भाच्याला लिहिलं, तेव्हा त्याने मला बिनतोड प्रश्न केला. ‘मग साप एकलकोंडेच असतात म्हणायचं का?’

पूर्वी मी वर्गात सरळ ‘हो’ म्हणायचे. आता म्हणत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस गावाजवळ चुनखडीच्या कपारींमध्ये दर हिवाळ्यात हजारो गार्टर साप एकत्र झोपी जातात. गोठणाऱ्या थराच्या खाली नेणाऱ्या कपारी थोड्या, म्हणून ही गर्दी. वसंतात ते बाहेर येतात, जोड्या जमतात आणि कित्येक किलोमीटर दूरच्या दलदलीत पांगतात. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात अजगर साळिंदरांच्या बिळांत राहतात, कधी खुद्द साळिंदरांच्या सोबतीने. इथपर्यंत पत्र्याखालची गर्दी म्हणता येईल. पण २०२० मध्ये कॅनडातल्या मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी ४० तरुण गार्टर सापांच्या अंगावर रंगीत ठिपके लावून त्यांना दहा-दहाच्या गटांत ठेवलं आणि कॅमेऱ्याने नजर ठेवली. रोज सापांना बाहेर काढून, पेटी पुसून त्यांच्या जागा बदलल्या, तरी ते पुन्हा आपापल्या ओळखीच्यांजवळ जाऊन बसत. ही निवड होती.

त्याहून मोठा धक्का २०२४ मध्ये बसला. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, जगभर पाळला जाणारा आणि ‘एकटाच ठेवा’ असं ज्याच्याबद्दल हमखास सांगतात तो. त्याच संशोधकांच्या गटाने सहा-सहा बॉल पायथन दहा दिवस एकत्र ठेवले. आडोसे प्रत्येकाला पुरतील इतके होते. तरीही ६० टक्क्यांहून जास्त वेळ सगळेच्या सगळे एकाच आडोशाखाली होते. तो आडोसा काढून घेतला, तर सगळे मिळून दुसऱ्याखाली गेले.

पत्र्याची उपमा इथे पुरी पडत नाही, हे मी मान्य करते. सापांना एकमेकांचं असणं कळतं, आणि काहींना ते हवंसंही वाटत असावं. पण हा प्रयोग वाचून कुणी घरातली दुसरी पेटी विकायला काढू नये. तो दहा दिवसांचा होता, आणि सापांना तिथे दुसरीकडे जाऊन बसायची सोय होती. त्यात सापांची आवड तपासली, वर्षांची तब्येत नाही. सोबत हवीशी वाटली म्हणून परजीवी कमी होत नाहीत आणि उंदराचा वासही जात नाही. पाळलेला कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो. तेवढा काळ बाहेर पडायची वाट नसलेल्या पेटीत काढायचा असेल, तर माझं मत वेगळ्या पेटीच्या बाजूने आहे. थोडा अपवाद गार्टर सापांचा. सारख्या मापाचे, एकाच लिंगाचे, मोठ्या पेटीत, ऊब आणि आडोसे भरपूर ठेवून, खाऊ घालताना समोर बसून, अनुभवी माणसं त्यांना गटाने सांभाळतात.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते. नाग, धामण, अजगर असे आपले साप वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, ते घरात ठेवणं गुन्हा आहे, एक असो की दोन. बॉल पायथनसारख्या, ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे अशा जातींच्या यादीतल्या परदेशी सापांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे. आणि घरातून पकडलेला साप सोडायला नेताना एका पिशवीत एकच साप, ही सर्पमित्रांनी पाळायची गोष्ट आहे, भले दोन्ही दिवड असोत.

भाच्याने दुसरी पेटी आणली. चिंगी पहिल्याच रात्री तिच्या उबदार टोकाच्या आडोशाखाली शिरली आणि दोन दिवस हलली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने कात टाकली, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड. ती त्याने मोजपट्टीला लावून फोटो पाठवला. वजनं आता दर रविवारी येतात, दोन नावांपुढे दोन आकडे.

केशर मात्र जुन्या पेटीत काही दिवस एकाच कोपऱ्याशी घुटमळत होती. चिंगी जिथून आडोशाखाली शिरायची तोच कोपरा. जिभेची दुभंगलेली टोकं भुशावर टेकवायची, आत घ्यायची, पुन्हा टेकवायची. ‘शोधतेय का गं ती?’ भाच्याने विचारलं. गंध उरला असेल, मी म्हटलं, भुसा बदल आणि पेटी धू. त्याने सगळं धुतलं, नवा भुसा घातला. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला. केशर त्याच कोपऱ्यात होती, जीभ बाहेर काढून.