मनगटाची सोनोग्राफी आणि एनसीव्ही यांतला फरक

काजू सोलणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या बायकांची अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत येणाऱ्या मुंग्यांनी झोपमोड होऊ लागली, की मनगटात नस दबली असल्याच्या (कार्पल टनेल सिंड्रोमच्या) संशयाने रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्यांना मनगटाची सोनोग्राफी किंवा एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे नसेतल्या संदेशवहनाच्या वेगाची तपासणी) सांगितली जाते. आणि एक केली की दुसरीची गरजच उरत नाही, हा समज इतक्यांदा कानी येतो की तो एकदा नीट खोडून काढणे भाग आहे.

सोनोग्राफी सर्वांना ठाऊक आहे. फरक इतकाच की येथे मनगटावर अधिक वारंवारतेच्या ध्वनिलहरी सोडणारा प्रोब फिरवतात. एनसीव्हीत विजेचे सौम्य झटके देऊन नसेतला संदेश मनगट ओलांडायला किती वेळ घेतो ते मोजतात.

खरा घोटाळा अहवाल वाचताना होतो. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या स्नायूंच्या नऊ कंडरा (दोरीसारखी टोके) आणि मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठ्याकडच्या बोटांना संवेदना देणारी मज्जातंतूची नस, जाते. नस दबली म्हटल्यावर लोक बारीक झालेली नस शोधतात आणि ‘जाड’ असे वाचून गोंधळतात. मात्र पोफळीच्या बागेतल्या पाटात पालापाचोळा अडकला की पाणी जसे अलीकडे तुंबते, तसाच नसेचा फुगवटाही दाबाच्या जागी न येता बोगद्याच्या तोंडाशी येतो, आणि म्हणून नसेच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ तेथेच मोजतात. ते साधारण १० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेले की संशय बळावतो, तरी ही मर्यादा ठिकठिकाणी ९ ते १२ अशी बदलते. हा आकडा आणि मोजल्याची जागा न देता नुसते ‘नस सुजलेली’ लिहिणारा अहवाल मला अपुराच वाटतो.

पण हा आकडा नसेचा आकार सांगतो, तिचे काम सांगत नाही. नस फुगलेली असूनही संदेशवहन बऱ्यापैकी चालू असू शकते, आणि आकार मर्यादेत असूनही वहन मंदावलेले असू शकते. उलट एनसीव्ही वहन मंदावल्याचे दाखवते, परंतु आत गाठ आहे, नस मुळातच दुभंगलेली आहे की शेजारी जास्तीची धमनी आहे, हे तिला दिसत नाही. लक्षणे नुकतीच सुरू झालेली असतील तर दोन्ही तपासण्या निर्दोष येऊ शकतात, म्हणून एका चांगल्या अहवालावरून रुग्णाची तक्रार खोटी ठरवणे मला मुळीच मान्य नाही.

लक्षणे वर सांगितली तशी ठरावीक असतील तर आधी सोनोग्राफी करावी, असे माझे मत आहे. मधुमेह असेल, मान दुखत असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालला असेल, तर कोल्हापूर किंवा गोवा गाठावे लागले तरी एनसीव्ही टाळू नये. मात्र पावसात भिजून आलेला गार हात आधी ऊबदार करून घ्यावा, कारण त्वचेचे तापमान सुमारे ३२ अंश सेल्सिअसखाली असले तर निरोगी नसेतले वहनही मंद दिसते. शस्त्रक्रियेनंतर मुंग्या थांबल्या तरी फुगवटा पुरता ओसरतोच असे नाही. त्यामुळे केवळ आकडा पाहण्यासाठी पुन्हा सोनोग्राफी करण्याचा आग्रह निरर्थक आहे.