सी.ए. रिपोर्टच्या आधीची गोष्ट : टीव्हीवरचे खरे खून आणि न्यायसहायक विज्ञान

एप्रिल 1996 मध्ये अमेरिकेत टीएलसी वाहिनीवर ‘मेडिकल डिटेक्टिव्ह्ज’ ही अर्ध्या तासाची मालिका सुरू झाली. पुढे कोर्ट टीव्हीवर गेल्यावर ती ‘फोरेन्सिक फाइल्स’ झाली आणि 2011 पर्यंत तिचे चारशेच्या वर भाग निघाले. खरी केस, निवेदकाचा संथ आवाज, पात्रांकडून करवून घेतलेले प्रसंग आणि शेवटच्या दहा मिनिटांत पांढऱ्या कोटातला तज्ज्ञ, हा आज सगळ्या भाषांत चालणारा साचा बराचसा याच मालिकेने रूढ केला. पहिल्या भागासाठी तिने निवडलेल्या खुनात मृतदेहच नव्हता.

कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउनची हेले क्राफ्ट्स ही मूळची डेन्मार्कची, पॅन ॲममध्ये हवाई सेविका. नवरा रिचर्ड ईस्टर्न एअरलाइन्सचा वैमानिक आणि फावल्या वेळात गावचा अर्धवेळ पोलीस. नवऱ्याच्या भानगडी कळल्यावर हेलेने घटस्फोटाची तयारी चालवली होती, खासगी गुप्तहेर नेमला होता आणि मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं की मला काही झालं तर तो अपघात समजू नका. नोव्हेंबर 1986 मध्ये, ऐन हिमवादळात, ती बेपत्ता झाली. रिचर्ड कुणाला एक सांगे, कुणाला दुसरंच. गावचे पोलीस थंड होते, कारण माणूस त्यांच्यातलाच. पाठपुरावा केला तो मैत्रिणींनी आणि त्या गुप्तहेराने. क्रेडिट कार्डाच्या नोंदींत एक मोठा फ्रीझर विकत घेतल्याचं आणि झाडांच्या फांद्यांचा भुगा करणारं यंत्र भाड्याने आणल्याचं निघालं. मग रस्त्यावरचा बर्फ उपसणारा एक चालक पुढे आला. भर वादळात, मध्यरात्रीनंतर, त्याने नदीकाठी असं यंत्र चालू असलेलं पाहिलं होतं.

इथवर प्रयोगशाळेचा संबंध कुठेच आला नव्हता, हे ध्यानात घ्या. शास्त्रज्ञांनी काठावरचा बर्फ वितळवून आणि लाकडाचा भुसा चाळून जे गोळा केलं ते सगळं मिळून तीन औंसांच्याही, म्हणजे 85 ग्रॅमच्या आत भरलं. हाडांचे कपचे, रंग लावलेलं पायाच्या बोटाचं नख, सोन्याची कॅप असलेला दात आणि 2,660 केस. पाण्यातून एक साखळी-करवत निघाली. तिच्यावरचा क्रमांक कानशीने घासून टाकलेला होता. तो रसायन वापरून पुन्हा वाचता आला. यंत्रातून गेलेलं हाड कसं तुटतं हे पाहायला मेलेलं डुक्कर तशाच यंत्रात घालून कपचे ताडून बघितले. दाताची ओळख हेलेच्या दंतवैद्याकडच्या एक्स-रेंवरून पटली. तरीही 1988 चा पहिला खटला निकालाविना संपला, कारण निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांपैकी, म्हणजे ज्युररांपैकी, एकजण शेवटपर्यंत बधला नाही. नोव्हेंबर 1989 मध्ये दुसऱ्या खटल्यात रिचर्ड दोषी ठरला आणि पुढे त्याला 50 वर्षांची शिक्षा झाली. मृतदेहाशिवाय खून शाबित होण्याची कनेक्टिकटमधली ती पहिलीच वेळ.

टीव्हीला यात काय सापडलं असेल ते उघड आहे. नख, दात, करवत या गोष्टी कॅमेऱ्याला दाखवता येतात. क्रेडिट कार्डाचं बिल दाखवून अंगावर काटा येत नाही.

या प्रकरणाने कनेक्टिकटच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. हेन्री ली देशभर प्रसिद्ध झाले. तैवानच्या पोलीस दलातून अमेरिकेत आलेला, हसतखेळत साक्ष देणारा हा माणूस पुढे टीव्हीवरचा हक्काचा चेहरा बनला. पण 1989 सालीच त्याच राज्यात दुसरे दोन तरुण खुनासाठी दोषी ठरले होते. त्यांच्या खटल्यात लींनी साक्ष दिली होती की, मयताच्या घरातल्या एका टॉवेलवरचा डाग रक्ताच्या चाचणीत होकारार्थी आला. दोघांची तीसेक वर्षं तुरुंगात गेली. नंतरच्या तपासणीत तो डाग रक्ताचा नसल्याचं निघालं, आणि लींनी तशी चाचणी केल्याची कसलीच लेखी नोंद मिळाली नाही. 2019 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, 2020 मध्ये आरोप मागे घेतले गेले आणि 2023 मध्ये संघीय न्यायाधीशाने पुरावा रचल्याबद्दल लींना जबाबदार धरलं. लींनी हा आरोप नाकारला आहे. यामुळे क्राफ्ट्स प्रकरण खोटं ठरत नाही. तिथे दात होता, करवत होती, साक्षीदार होते. मात्र पडद्यावरच्या तज्ज्ञाला आपण प्रश्न विचारत नाही, हे यातून कळतं. ते काम उलटतपासणीचं, आणि मालिकेत नेमकी तीच कापली जाते.

तज्ज्ञाचं असं कौतुक टीव्हीच्याही आधीपासूनचं आहे. ब्रिटनच्या जेम्स मार्शने 1836 मध्ये सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, शोधण्याची चाचणी प्रसिद्ध केली. चारच वर्षांनी फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या तरुणीवर नवऱ्याला सोमल घातल्याचा खटला चालला. स्थानिक तज्ज्ञांच्या चाचण्या एकमेकींशी जुळेनात, तेव्हा पॅरिसहून विषतज्ज्ञ मातेओ ऑर्फिला यांना बोलावलं. त्यांनी शरीरात सोमल असल्याचं सांगितलं आणि निकाल मारीच्या विरुद्ध गेला. वर्तमानपत्रांनी तो खटला रोजच्या रोज चवीने छापला.

आपल्याकडेही सुरुवात विषापासूनच झाली. मद्रासला 1849 मध्ये आणि मुंबईला 1870 मध्ये सरकारी रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा निघाली. महाराष्ट्रातल्या कोर्टांत वकील आजही ‘सी.ए. रिपोर्ट आला का?’ असंच विचारतात, तो सी.ए. म्हणजे हाच केमिकल ॲनालायझर. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय 1897 मध्ये कलकत्त्याला उघडलं. ठशांचं वर्गीकरण एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेलं, पण त्यामागचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांचं होतं. मुंबईची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा 1958 ची. ती कलिन्याला असल्यामुळे पोलिसांच्या बोलण्यात ‘कलिन्याला पाठवलं’ म्हणजे तपासणीला पाठवलं.

मग 1984 उजाडलं. त्या वर्षी जूनमध्ये बीबीसीने ‘क्राइमवॉच’ सुरू केलं. न सुटलेले खरे गुन्हे पडद्यावर मांडून प्रेक्षकांकडूनच माहिती मागायची, अशी कल्पना. आणि 10 सप्टेंबरला लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना एका एक्स-रे फिल्मवर डीएनएचे पट्टे दिसले, प्रत्येक माणसाचे वेगळे. लेस्टरजवळच्या दोन गावांत 1983 आणि 1986 मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांतल्या एकाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या तपासणीने पहिलं काम केलं ते या मुलाला सोडवण्याचं. नंतर पोलिसांनी परिसरातल्या पाच हजारांवर पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यातून काहीच निघालं नाही. खुनी कॉलिन पिचफोर्कने आपल्या जागी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. हे फुटलं दारूच्या गुत्त्यात, त्या सहकाऱ्याच्याच तोंडून. ऐकणाऱ्या एका बाईने पोलिसांना कळवलं. जानेवारी 1988 मध्ये पिचफोर्कला जन्मठेप झाली. डीएनएने पकडलेला जगातला पहिला खुनी म्हणून या प्रकरणाचा दाखला दिला जातो. पकडून दिलं मात्र गुत्त्यातल्या गप्पांनी.

हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी 1988 मध्ये या तंत्राची स्वतंत्र भारतीय पद्धत तयार केली. केरळातल्या तेल्लिचेरीच्या पितृत्वाच्या वादात ती कोर्टासमोर आली. दिल्लीच्या 1995 च्या तंदूर हत्याकांडात जळालेल्या देहाची ओळख आईवडिलांच्या नमुन्यांवरून तिनेच पटवली.

त्याच 1995 मध्ये अमेरिकेत माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरचा, घटस्फोटित पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाचा खटला महिनोन्‌महिने थेट प्रक्षेपित झाला. टीव्हीवर न्यायसहायक विज्ञानाचा एवढा लांबलचक वर्ग ना आधी भरला ना नंतर. सरकार पक्षाकडे डीएनए भरपूर होता. बचावाच्या वकिलांनी आपला भर डीएनएच्या शास्त्रावर न ठेवता तो गोळा करणाऱ्या हातांवर ठेवला. ओले नमुने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून तापलेल्या गाडीत का ठेवले? आरोपीच्या रक्ताची बाटली लगेच जमा न करता तपास अधिकारी ती तासन्‌तास खिशात घेऊन का फिरला? नमुने उचलणाऱ्या कर्मचाऱ्याची उलटतपासणी दिवसेंदिवस चालली. आपल्याकडच्या कुठल्याही सत्र न्यायालयात बसलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता, सील कधी लावलं, लाखेवर ठसा कोणता, लेबलावर पंचांच्या सह्या आहेत का, कलिन्याला पोहोचलं तेव्हा सील शाबूत होतं का. एक तारीख इकडची तिकडे झाली की चांगला सी.ए. रिपोर्ट कागदावरच राहतो. आणि पंच फितूर झाला तर विचारूच नका.

सीबीएसवर ‘सीएसआय’ ऑक्टोबर 2000 मध्ये आली. ती काल्पनिक, पण तिच्यामुळे सरकारी वकील तक्रार करू लागले की ज्युरर आता प्रत्येक खटल्यात डीएनए मागतात. मिशिगनचे न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी हजारेक ज्युररांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. 46 टक्क्यांना प्रत्येक फौजदारी खटल्यात काही ना काही शास्त्रीय पुरावा हवा होता. पण मालिका पाहणारे आरोपीला सहज सोडून देतात, असं काही त्यांना आढळलं नाही. उलट बाजूने धक्के मोठे बसले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2009 मध्ये लिहिलं की, डीएनए सोडला तर कुठल्याच पद्धतीने ‘हा ठसा याच माणसाचा’ हे काटेकोरपणे सिद्ध करून दाखवलेलं नाही. 2015 मध्ये एफबीआयने आपल्याच तज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकाखाली केस ताडण्याच्या साक्षी तपासल्या. आरोपीविरुद्ध वापरलेल्या 268 साक्षींपैकी 257 मध्ये शास्त्राला न पेलणारी विधानं निघाली. अशा केसांचे भाग मालिकांतून अजूनही फिरत असतात, खाली कसलीही टीप न देता.

भारतात ज्युरी नाही. मुंबईच्या नानावटी खटल्यातल्या ज्युरीने बाहेरची हवा बघून कौल दिला, त्यानंतर ती पद्धत मोडीतच निघाली. त्यामुळे ‘सीएसआय परिणाम’ आपल्याकडे शोधायचा तर तो न्यायाधीशात सापडणार नाही. तो सापडतो बघ्यांत. जानेवारी 1998 मध्ये सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली आणि डॉ. साळुंखे घराघरांत पोहोचले; त्यांची परीक्षानळी हलली की रंग बदलणारच. 2003 पासून ‘क्राइम पेट्रोल’ने खऱ्या प्रकरणांची नाट्यरूपं आणली. पण घटनास्थळी दोरी बांधून लोकांना लांब ठेवायचं असतं, हे यातून कुणी शिकलं म्हणाल, तर 2008 चं नोएडातलं आरुषी तलवार प्रकरण आठवा. मुलीच्या खुनानंतर त्या घरात शेजारी, नातेवाईक, पत्रकार सगळे फिरून गेले; गच्चीवर दुसरा मृतदेह पडलेला आहे हे कळायला दुसरा दिवस उजाडला. त्या जागेवरून शास्त्राने काय काढावं? वाहिन्यांनी मात्र त्या घरावर महिनोन्‌महिने काढले.

महाराष्ट्रातलं उदाहरण रायगड जिल्ह्यातलं आहे. पेण तालुक्यात गागोद्याच्या रानात मे 2012 मध्ये जळालेला देह मिळाला. स्थानिक पोलिसांनी काही अवशेष मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठवले, बाकीचे तिथेच पुरले, आणि खुनाचा गुन्हा दाखलच झाला नाही. तीन वर्षांनी, ऑगस्ट 2015 मध्ये, प्रकरण शीना बोराच्या नावाने फुटलं तेव्हा ती जागा पुन्हा खणली गेली. अवशेषांचा डीएनए शीनाच्या आईशी, म्हणजे खटल्यातली आरोपी इंद्राणी मुखर्जी हिच्याशी, जुळतो, असा अहवाल कलिन्याने दिला. बचाव पक्षाला तो मान्य नाही. तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये या प्रकरणावरची माहितीपट मालिका नेटफ्लिक्सवर यायच्या बेतात असताना सीबीआय ती थांबवा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी मालिका आधी पाहिली, खटल्याला बाधक असं काही त्यांना दिसलं नाही, आणि ती प्रदर्शित झाली. लोकांनी ती एका बैठकीत संपवली. त्याच वर्षाच्या मध्यावर, 2012 मध्ये जे. जे.त तपासलेल्या हाडांची साक्षीत गरज पडली, तेव्हा ती सापडत नाहीत असं सरकार पक्षाने विशेष न्यायालयाला सांगितलं. काही आठवड्यांनी ती सीबीआयच्याच दिल्लीतल्या कार्यालयात मिळाली.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं कलम 176 ने बंधनकारक केलं, तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुभा देऊन. कलम 105 खाली झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावं लागतं, मुद्देमालाची यादी आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेण्यापर्यंत. म्हणजे मालिकावाले जो पंचनामा कंटाळवाणा म्हणून कापत आले, तो आता पोलीसच मोबाइलवर टिपणार. कारकून लाख वितळवत असतानाची ती चाळीस मिनिटं कुठली वाहिनी दाखवेल असं वाटत नाही, पण बचावाचे वकील ती सेकंदासेकंदाने पाहतील.